एका इंचाच्या चौकटीतून

कापडाच्या धंद्यात पिक ग्लास नावाचं एक घडीचं भिंग असतं. धातूची तीन छोटी पानं, वरच्या पानात काच आणि खालच्या पानात बरोबर एका इंचाची चौकोनी खिडकी. ते कापडावर उभं करायचं, वाकून डोळा लावायचा आणि सुईच्या टोकाने एकेक धागा मोजत जायचं. ताणा किती, बाणा किती. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात क्वालिटीच्या टेबलापाशी उभे राहिलात तर हे भिंग दिसेलच. छापखान्यातली माणसं रंगाचे ठिपके बघायला हेच भिंग वापरतात. आणि जगभर जे लोक खेळाडूंची जुनी कार्डं जमवतात, तेही अस्सल कार्डं नकलांपासून वेगळी काढायला याच भिंगाने बघतात. दिवसा मी त्यातून टॉवेलचे धागे मोजतो आणि रात्री कार्डांवरचे ठिपके. या पुस्तकात जे काही आहे ते या एका इंचाच्या चौकटीतून पाहिलेलं आहे.

विषय आहे छोट्या छापील तुकड्यांचा. त्यात अमेरिकेतली बास्केटबॉलची कार्डं आहेत, इंग्लंडमध्ये सिगारेटच्या पाकिटातून निघालेली क्रिकेटपटूंची कार्डं आहेत, आपल्याकडच्या गिरण्यांच्या कापडावर चिकटवलेली रंगीत तिकिटं आहेत आणि शेवटच्या भागात जकार्डची भोकं पाडलेली कार्डं आहेत. ही सगळी एका पुस्तकात कशी, असं कुणी विचारेल. त्याआधी बहुतेक जण दुसराच प्रश्न विचारतात: सोलापूर-पुणे महामार्गाच्या कडेला, मोहोळ तालुक्याच्या हद्दीतल्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या माणसाला अमेरिकेच्या बास्केटबॉलशी काय देणंघेणं? शाळेच्या मैदानावर जाळी नसलेली एक रिंग होती आणि आम्ही काही जण तिच्याखाली संध्याकाळ काढायचो, एवढं त्याचं मूळ. पुढे न्यू जर्सीला गेलेल्या आतेभावाने एका पाकिटातून काही कार्डं धाडली. ती बघताना मला खेळाडूंपेक्षा आधी छपाई दिसली, पुठ्ठा दिसला, कटिंग दिसलं. पॅकिंग खात्यात काम केलेल्या माणसाचं लक्ष तिथेच जाणार. तिथून जे सुरू झालं ते मागे मागे जात सोलापुरातच येऊन पोचलं.

खेळाडूंच्या कार्डाचा जन्म खेळातून झालेला नाही, तो तंबाखूच्या धंद्यातून झाला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सिगारेटची पाकिटं पातळ कागदाची असत आणि खिशात दबली की आतल्या सिगारेटी मोडत. म्हणून पाकिटाला ताठपणा यावा यासाठी आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. हा तुकडा कोरा ठेवण्यापेक्षा त्यावर चित्र छापावं, चित्रांना क्रमांक द्यावेत, म्हणजे गिऱ्हाईक पुढचा क्रमांक मिळवायला पुन्हा तेच पाकीट घेईल, ही कल्पना अमेरिकन कंपन्यांना 1880 च्या दशकात सुचली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने 1896 मध्ये 50 क्रिकेटपटूंचा संच काढला. पोरं दुकानाबाहेर उभी राहून गिऱ्हाइकांकडे कार्डं मागायची. 1940 मध्ये महायुद्धामुळे कागद मिळेना, तेव्हा ब्रिटनमधली ही प्रथा थांबली.

ते 1896 साल माझ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. त्याच उन्हाळ्यात मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कुमार श्री रणजितसिंहजी इंग्लंडकडून पहिली कसोटी खेळले आणि त्यांनी 62 आणि नाबाद 154 धावा केल्या. लेग ग्लान्सचा तो फटका बघायला माणसं लोटायची आणि सिगारेट कंपन्यांच्या कार्डांवर रणजींची छबी आली. 1907 मध्ये ते नवानगरच्या गादीवर बसले, जामसाहेब झाले. आणि त्याच 1907 मध्ये सोलापुरात एका कापड गिरणीची कंपनी नोंदली गेली: जामश्री रणजितसिंहजी स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल्स. सोलापूरकर तिला जाम मिल म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी हे नाव उच्चारलं, तिथे पाळ्या केल्या, तिच्या भोंग्यावर घड्याळं लावली. जाम म्हणजे कोण, हे त्यातल्या किती जणांच्या मनात आलं असेल?

माझ्या संग्रहात एका पानावर मी दोन तुकडे शेजारी ठेवले आहेत. एक इंग्लंडमधलं, रणजींचं चित्र असलेलं जुनं सिगारेट कार्ड, कोपरे झिजलेलं. दुसरं जाम मिलचं नाव छापलेलं कागदाचं तिकीट. कडा कसरीने खाल्लेल्या, मागे खळीचा पिवळट डाग आणि त्या डागात अडकून राहिलेले कापडाचे दोन-तीन तंतू. बाजारात या पानाला फारशी किंमत येणार नाही, कारण कार्ड झिजलेलं आणि तिकीट फाटकं. पण दोन्ही एकत्र ठेवल्यावर त्यांतून जे कळतं, ते एकेकट्यातून कळत नव्हतं. ब्रिस्टलच्या तंबाखूवाल्याने आणि सोलापूरच्या गिरणीवाल्यांनी एकाच माणसाच्या नावावर आपापला माल विकला, ही गोष्ट त्या पानावर समोर येते. मला या छंदात जो अर्थ सापडला तो इथे सापडला. कार्ड किंवा तिकीट हे मुळात कशाला तरी जोडलेलं असतं: मालाला, हाताला, गावाला. ते नातं शोधून परत लावून देणं हे संग्राहकाचं काम आहे, असं मी मानतो. पुस्तकाची मांडणी त्याच हिशोबाने केली आहे.

गिरण्यांच्या तिकिटांबद्दल इथे जरा सविस्तर लिहितो, कारण मराठी वाचकाने क्रिकेटची कार्डं तरी पाहिलेली असतात, ही तिकिटं आजी-आजोबांच्या पिढीबरोबर विस्मरणात गेली. मँचेस्टरचं कापड हिंदुस्थानात यायला लागलं तेव्हा गिऱ्हाइकाला कंपनीचं इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं. चित्र मात्र ओळखता येत होतं. म्हणून प्रत्येक ताग्यावर एक रंगीत चित्राचं तिकीट लावत: लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ, आरशात बघणारी बाई, आगगाडी, घड्याळ. बाई दुकानात येऊन सांगायची, मागच्या वेळचं हत्तीचं द्या. हत्ती चालला की दुसरा कुणी व्यापारी जरा वेगळा हत्ती काढायचा आणि भांडण कोर्टात जायचं. कापडाच्या या खुणा इतक्या वाढल्या की इंग्लंडात 1875 मध्ये ट्रेडमार्क नोंदणीचा कायदा झाल्यावर सुती कापडासाठी मँचेस्टरला नोंदणीची खास शाखा काढावी लागली. इकडे हिंदुस्थान सरकारने 1889 मध्ये कायदा करून ताग्यावर त्याची लांबी छापणं सक्तीचं केलं, कारण मापात फसवणूक होत होती. तेव्हा एका ताग्यावर कायद्याचा आकडा आणि गिऱ्हाइकाची देवी, दोन्ही एकत्र नांदत.

ही चित्रं दगडावरून छापली जात. जर्मनीत बव्हेरियामधल्या सोल्नहोफेनच्या खाणीतला गुळगुळीत चुनखडीचा दगड, त्यावर तेलकट खडूने काढलेलं चित्र, पाणी आणि शाई. तेल शाई धरतं, ओला दगड ती सोडतो. आलॉइस झेनेफेल्डर याने म्युनिकमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीला ही रीत शोधली. रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो आणि कागद दर वेळी अगदी त्याच जागी बसवावा लागतो. चांगल्या तिकिटाला दहा-बारा रंग असत. भिंगाखाली ते बघितलं की हाताने टिपलेले अनियमित ठिपके दिसतात, लहान-मोठे, कुठे दाट कुठे विरळ; लक्ष्मीच्या गालावर एका कारागिराने किती वेळ घालवला असेल ते कळतं. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके ओळीत असतात आणि त्यांची फुलं तयार होतात. अस्सल तिकीट आणि नव्याने छापलेली नक्कल यांतला फरक ओळखण्याची ही सगळ्यात सोपी खूण आहे.

महाराष्ट्रात या विद्येला स्वतःची परंपरा आहे. पुण्याची चित्रशाळा 1878 ची. राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. घराघरांत पूजेला लागलेली लक्ष्मी आणि सरस्वती तिथून निघाली. तीच चित्रं थोडीफार बदलून कापडावर, काडेपेटीवर, कॅलेंडरवर गेली. 1972 मध्ये त्या छापखान्याला आग लागली. स्वदेशीच्या काळात देशी गिरण्यांच्या तिकिटांवर चरखा आणि भारतमाता आली. ज्या सोलापुरात मे 1930 मध्ये लष्करी कायदा लागला आणि जिथल्या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली, त्या गावाला कापड कुणाचं घ्यायचं हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा होता हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी ताग्यावरचं चित्र बघून माणूस ठरवायचा की हे अंगावर घालायचं की होळीत टाकायचं.

आणि तरीही ही तिकिटं फार थोडी उरली. कापड घरी आलं की पहिलं काम तिकीट काढून टाकायचं. ते ओलं करून सोलायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात विरघळून जायचं. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या जुन्या दुकानांच्या माळ्यावर जी सापडतात ती कधीच न चिकटवलेली असतात, गठ्ठ्याने उरलेली. गिऱ्हाइकाच्या घरून आलेलं, एकदा वापरलेलं तिकीट मिळणं याला नशीब लागतं. अलीकडे बंगळुरूच्या म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीने या तिकिटांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा कागदाच्या या तुकड्यांकडे कला म्हणून बघायला सुरुवात झाली याचा मला मनापासून आनंद झाला.

आता बास्केटबॉल. हा खेळ 1891 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ यांनी तयार केला आणि वायएमसीएच्या जाळ्यातून तो लवकरच हिंदुस्थानातही आला. त्याची कार्डं मात्र फार उशिरा आली. बेसबॉलच्या कार्डांना अर्ध्या शतकाहून जास्त काळ झाला होता तेव्हा 1948 मध्ये बोमन कंपनीने बास्केटबॉलचा पहिला मोठा संच काढला, 72 कार्डांचा, च्युइंगमबरोबर. त्यातलं 69 क्रमांकाचं जॉर्ज मायकन याचं कार्ड आज दुर्मिळ धरलं जातं. संच दोन भागांत आला होता आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा कमी खपला. मायकन दुसऱ्या भागात होता. त्यानंतर नऊ वर्षं कुणीच मोठा संच काढला नाही. 1957 मध्ये टॉप्स कंपनीने 80 कार्डं काढली, त्यात बिल रसेल आहे. 1961 मध्ये फ्लीअरने 66 काढली आणि मग परत थांबले. हा खेळ तेव्हा विकला जात नव्हता, इतकंच त्याचं कारण.

छापखान्यातली एक बाब इथे समजून घ्यावी लागते. कार्डं एकेक छापत नाहीत, मोठ्या शीटवर छापून कापतात. शीटवर जितक्या जागा आणि संचात जितकी कार्डं यांचा मेळ बसला नाही, तर उरलेल्या जागांत काही कार्डं दोनदा घालतात. म्हणजे कुणाच्याही मनात नसताना काही खेळाडू दुप्पट छापले जातात आणि काही निम्मे. 1957 च्या संचात हे स्पष्ट दिसतं. शिवाय शीटच्या कोपऱ्यात आलेलं कार्ड कापताना जास्त खराब होतं. चादरीच्या थानात कडेचा माल आधी खराब होतो, तसंच. कोण दुर्मिळ ठरणार हे कटिंगवाल्याच्या सुरीने ठरवलं, खेळाच्या गुणाने नाही.

सगळ्यात प्रसिद्ध कार्ड 1986 चं आहे. टॉप्सने 1982 मध्ये बास्केटबॉल सोडलं होतं. चार वर्षांनी फ्लीअरने 132 कार्डांचा संच काढला. तांबड्या-पांढऱ्या-निळ्या चौकटीतल्या त्या संचात 57 क्रमांकावर मायकेल जॉर्डन आहे, रिंगकडे झेपावलेला, चेंडू उंच धरलेला हात. आज हे कुणाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा दुकानात ती पाकिटं पडून राहिली. त्याच संचात चार्ल्स बार्कली, हकीम ओलाजुवॉन, कार्ल मलोन, पॅट्रिक ईविंग अशा खेळाडूंचीही पहिली मोठी कार्डं होती, कारण मोठ्या कंपन्यांच्या संचांपुरती आधीची चार वर्षं कोरी गेलेली. पुढे जॉर्डनमुळे या कार्डाच्या इतक्या नकला निघाल्या की भिंगाशिवाय हे कार्ड घेऊच नये असं जाणते लोक सांगतात. अस्सल कार्डात रंगाच्या भागातले ठिपके स्वच्छ आणि काळी अक्षरं सलग असतात. नक्कल करणारा छापील कार्डावरूनच फोटो काढतो, म्हणून त्याच्या काळ्या अक्षरांतही ठिपके येतात. पुस्तकात या विषयावर स्वतंत्र प्रकरण आहे, मोठ्या केलेल्या छायाचित्रांसह.

कार्डांच्या किमतीबद्दल लिहिणं भाग आहे, कारण नवीन माणूस याच दारातून आत येतो. 1991 मध्ये पीएसए ही कार्डांची प्रत ठरवणारी कंपनी सुरू झाली. ती कार्डाला 1 ते 10 गुण देते आणि प्लॅस्टिकच्या टणक डबीत बंद करते. 2020 मध्ये टाळेबंदीत जगभर लोक घरी बसले, जॉर्डनवरची मालिका आली आणि जुनी कार्डं शोधण्याची लाट उठली. जानेवारी 2021 च्या शेवटी दहा गुणांचं जॉर्डनचं कार्ड 7 लाख 38 हजार डॉलरला गेलं. त्याच वर्षी काही महिन्यांत तशाच कार्डाचा भाव तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आला. कार्ड तेच, पुठ्ठा तोच, जॉर्डन तोच. ज्यांनी कर्ज काढून घेतलं त्यांचं काय झालं असेल याचा विचार करून वाईट वाटतं. आपल्या मुलाच्या शिक्षणाचे पैसे कुणी यात घालू नयेत, हे मी अगदी स्पष्ट लिहून ठेवतो.

दुर्मिळतेच्याही जाती असतात. बोमनचा मायकन दुर्मिळ झाला तो खपला नाही म्हणून. टॉप्सच्या 1952 च्या बेसबॉल संचाची न खपलेली खोकी 1960 मध्ये बार्जवर लादून समुद्रात बुडवली, असं खुद्द त्या कंपनीत काम केलेल्या साय बर्गर यांनी सांगितलेलं आहे. त्याच संचातलं मिकी मँटलचं एक कार्ड 2022 मध्ये 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं. आपल्याकडे 1987 च्या विश्वचषकाच्या आसपास बिग फन नावाच्या बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळत, त्यावर धावा आणि विकेट लिहिलेल्या असत. ठरावीक धावा जमल्या की ती चित्रं देऊन फ्लिपबुक घ्यायचं. जी मुलं मन लावून जमवत होती त्यांनीच ती परत देऊन टाकली. म्हणून आज ती फारशी दिसत नाहीत. कापडाचं तिकीट धुण्यात गेलं, सिगारेटची पाकिटं आणि काडेपेटीचे छाप गल्लीतल्या खेळात झिजून गेले. अंबरनाथच्या विमको कंपनीच्या काड्यापेट्या लाखोंनी आल्या असतील, पण विशिष्ट छापाची एक धड पेटी शोधायला गेलात तर कळतं. या सगळ्या दुर्मिळता वापरातून, उपेक्षेतून, योगायोगातून आलेल्या आहेत.

1990 नंतर वेगळीच जात निघाली. कंपन्यांनी आधी कार्डं इतकी छापली की कुणाकडे नाहीत असं राहिलं नाही, आणि मग मुद्दाम थोडी छापून त्यांवर क्रमांक घालायला सुरुवात केली: 99 पैकी 23, 10 पैकी 4, 1 पैकी 1. 2003 मध्ये अपर डेकने एक्स्क्विझिट नावाचा संच काढला. पाच कार्डांच्या पाकिटाला 500 डॉलर. त्यातलं लेब्रॉन जेम्सचं, फक्त 99 छापलेल्या कार्डांपैकी एक, 2021 मध्ये 52 लाख डॉलरला गेलं. त्यात जर्सीचा तुकडा कापून बसवलेला आहे आणि सही आहे. कापडाचा माणूस म्हणून मी तो तुकडा भिंगाखाली बघायला नक्कीच आतुर आहे. पण कारखान्यात ठरवून तयार केलेली टंचाई आणि धुण्यातून वाचलेलं तिकीट यांना मी एका पंक्तीत बसवणार नाही. पहिल्याला किती छापायचं ते आधीच ठरलेलं होतं. दुसरं कुण्या एका बाईने पातळ ओलं व्हायच्या आधी सोलून पोथीत ठेवलं म्हणून उरलं.

संग्रह म्हणजे काय याचा मराठी माणसाच्या डोळ्यासमोरचा सगळ्यात मोठा दाखला पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर, जन्म 10 जानेवारी 1896, म्हणजे विल्सची क्रिकेटची कार्डं निघाली त्याच वर्षीचा. घरचा धंदा चष्म्यांचा, कविता ‘अज्ञातवासी’ नावाने. त्यांनी अडकित्ते, दिवे, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपं, भांडी जमवली. राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा रोज हातात येणाऱ्या वस्तू. राजा हा मुलगा लहानपणीच गेला आणि संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. वीस हजारांवर वस्तूंचा तो संग्रह त्यांनी राज्य सरकारच्या स्वाधीन केला. मी तिथे अडकित्त्यांच्या कपाटापुढे बराच वेळ उभा राहतो. एकेका अडकित्त्याच्या कडीवर बोटांनी झिजलेली जागा दिसते. डबीत बंद करून दहापैकी गुण द्यायचे ठरवले असते तर झिजेमुळे ते सगळे नापास झाले असते.

बास्केटबॉलकडे परत येतो, कारण त्याचे धागेही आता मराठी घरांपर्यंत आले आहेत. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे 2013 मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज संघाचे मुख्य मालक झाले. एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या संघाची अशी मालकी मिळवणारे ते भारतात जन्मलेले पहिलेच. 2015 मध्ये पंजाबचा सतनाम सिंग एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, 52 वा निवडला गेला. ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे दोन सामने झाले. अमेरिकेत वाढणारी आपली भाचरं ही कार्डं जमवतात, शाळेत अदलाबदल करतात. त्यांच्यासाठी आणि इथल्या पोरांसाठी एकच पुस्तक चालावं ही इच्छा लिहिताना मनात होती.

शेवटचा भाग जकार्डच्या कार्डांचा, आणि माझ्या मते तोच पुस्तकाचा गाभा आहे. फ्रान्समधल्या लिओं शहरात जोसेफ मारी जकार्ड याने 1804 मध्ये मागावर बसवायचं यंत्र तयार केलं. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, कार्डं दोऱ्याने एकमेकांना ओवून साखळी करायची. भोक असेल तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा उचलला जातो. नसेल तिथे धागा खालीच राहतो. एक कार्ड म्हणजे बाण्याचा एक धागा. 1839 मध्ये लिओंला जकार्डचं स्वतःचं चित्र रेशमात विणलं गेलं, त्यासाठी सुमारे 24,000 कार्डं लागली, आणि गणनयंत्राचं स्वप्न बघणाऱ्या चार्ल्स बॅबेजने त्याची एक प्रत मिळवली होती. सोलापुरी चादरीवरची नक्षी अशाच कार्डांनी उठली. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापूरच्या पूर्व भागात घरोघर माग लावले आणि मोर, फुलं, वेलबुट्ट्या पुठ्ठ्यातल्या भोकांच्या भाषेत लिहून ठेवल्या. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला आज भौगोलिक मानांकन आहे. पण ती नक्षी ज्या कार्डांत साठवलेली होती ती कार्डं इलेक्ट्रॉनिक जकार्ड आल्यावर रद्दीत गेली. आता डिझाइन पेनड्राइव्हमध्ये येतं.

मी ही कार्डं किलोवर घेतली. भंगारवाल्याकडे ती पुठ्ठा म्हणून पडलेली होती. पूर्व भागात आयुष्यभर कार्ड पंचिंग केलेल्या एका वयस्कर काकांना त्यातली एक साखळी दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कार्डं खिडकीच्या उजेडासमोर धरली आणि भोकांवरून बोट फिरवत गेले. “ही चादरीची काठाची आहे,” म्हणाले. “मधल्या फुलाची नाही. आणि हे बघा, इथे भोक बुजवलंय. चुकीचं पडलं असणार, म्हणून कागद चिकटवून परत पाडलंय.” मी पिक ग्लास लावून बघितलं. खरंच, एका भोकावर जुन्या छापील कागदाचा बारीक तुकडा खळीने चिकटवलेला होता आणि त्याच्या शेजारी नवं भोक. कागदावर तांबड्या रंगाचे हाताने टिपलेले ठिपके होते, एका बाजूला सोनेरी कड. तो कुठल्यातरी कापडाच्या तिकिटाचा कोपरा होता.

बास्केटबॉलच्या संचात चुकलेलं कार्ड दुरुस्त करून पुन्हा छापलं तर आधीचं चुकीचं कार्ड दुर्मिळ धरतात, जास्त भाव देतात. इथे चूक आणि दुरुस्ती एकाच कार्डावर आहे, आणि त्या दुरुस्तीनंतर त्या कार्डाने नेमक्या किती चादरी विणल्या असतील याला हिशोब नाही. काकांनी चुकलेला हात कुणाचा असेल याचाही अंदाज सांगितला. तो मी इथे लिहीत नाही, पण संग्रहाच्या वहीत लिहून ठेवला आहे.

वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या घरात, दुकानात, कारखान्याच्या स्टोअरमध्ये असं काही सापडलं तर ते लॅमिनेट करू नका. आतला कागद कायमचा अडकतो. सेलोटेप लावू नका, तिचा डिंक काही वर्षांत कागदात उतरतो आणि तपकिरी होतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, आडवं, कोरड्या कपाटात ठेवा आणि कसर लागते का ते पावसाळ्यानंतर बघा. त्याच पाकिटात एक वेगळी चिठ्ठी टाका, पेन्सिलने लिहिलेली: कुठे मिळालं, कुणाकडून, कशाला चिकटलेलं होतं, ते घरात कुणी वापरायचं. तिकिटाच्या किंवा कार्डाच्या पाठीवर स्वतः काही लिहू नका. आणि ज्यांनी गिरणीत पाळ्या केल्या, माग चालवले, विड्या वळल्या, छापखान्यात शीट कापली, अशा माणसांना तो तुकडा हातात द्या आणि ते काय सांगतात ते त्याच दिवशी लिहून काढा. बास्केटबॉलच्या कार्डांचे संच, त्यांचे क्रमांक, भाव, सगळं कुठे ना कुठे नोंदलेलं आहे. जाम मिलच्या, सोलापूरच्या इतर गिरण्यांच्या, पूर्व भागातल्या मागांच्या या तुकड्यांची यादी माझ्या माहितीत अजून कुणी केलेली नाही. या पुस्तकाच्या शेवटी माझ्या संग्रहापुरती ती सुरू केली आहे, आणि पुढची पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत.